दुप्पट खारट

आमचा पुतण्या आइंडहोवनला असतो. मागच्या खेपेला मुरुडला आला तेव्हा त्यानं ओटीवर एक पुडा फोडला आणि आतल्या काळ्याभोर, तिरप्या कापलेल्या वड्या सगळ्यांपुढे धरल्या. परदेशातून आलेली काळी वस्तू म्हणजे चॉकलेट, हे आमच्या घरात ठरलेलं. एकेकानं एकेक तोंडात टाकली आणि ओटीवरचं बोलणंच थांबलं.

परदेशातून आलेली वस्तू थुंकायची नसते. ती वाईट नसते, 'वेगळी' असते. "वेगळं आहे हो," वहिनी म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. "वेगळंच आहे," मी म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारचे अण्णा वडी गालात तशीच धरून, "जरा गाय बघून येतो," असं पुटपुटत परसात गेले. अण्णांकडे गाय नाही.

आई तेवढी निवांत चघळत होती. ती नव्वदीला टेकली आहे, दात बेताचेच उरलेत, जीभ मात्र दोन्ही अर्थांनी शाबूत. तिनं वडी या गालातून त्या गालात नेली आणि निकाल दिला, "ज्येष्ठमध आहे. आणि कल्हईवाल्याचा नवसागर."

पुतण्यानं पुड्यामागचा बारीक मजकूर वाचला. ज्येष्ठमधाचा अर्क आणि अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागरच. तापलेल्या पातेल्यात कथील फिरवण्याआधी कल्हईवाला जी पूड टाकतो आणि जिच्या पांढऱ्या धुरानं सगळी आळी खोकते, ती पूड डच लोक ज्येष्ठमधात घालून मुलांना खाऊ म्हणून देतात. हॉलंडात त्याला ड्रॉप म्हणतात, फिनलंडमध्ये साल्मियाक्की. पूर्वी हे औषधाच्या दुकानात खोकल्यावर मिळायचं; पुढे लोकांना खोकला नसतानाही त्याची तलफ येऊ लागली. आपल्याकडच्या खोकल्याच्या पातळ औषधांतही अमोनियम क्लोराइड असतं, पण ती बाटली पाहुण्यांपुढे फिरवणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. पुतण्याच्या पुड्यावर डच भाषेत 'दुप्पट खारट' असं छापलेलं होतं. म्हणजे एकपट खारटावर ज्यांचं भागत नाही अशीही माणसं तिकडे आहेत.

"काका, तिकडे असल्या वासाची अत्तरंसुद्धा लावतात," पुतण्या बोलून गेला. तो बोलून गेला आणि पुढच्याच आठवड्यात विमानात बसून खरोखरच गेला. इथं उरलो मी.

निवृत्त माणसाच्या हाती कल्पना देऊ नये. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आळंबी लावली होती. ती पेंढ्यावर न येता न्हाणीघराच्या दारावर आली. मधमाश्या पाळल्या होत्या. त्या अण्णांकडे राहायला गेल्या. आता अत्तर. चार ठिकाणी वाचून पाहिलं तर पुतण्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. लोलिता लेम्पिका नावाच्या फ्रेंच फॅशनवाल्या बाईंचं अत्तर १९९७ साली आलं, त्यात ज्येष्ठमधाचा वास आहे आणि ते जगभर खपलं. त्यात नवसागर नाही. तेवढी जागा मुरुडसाठी मोकळी राहिली आहे असं माझं मत झालं.

"सगळं गावातच आहे," मी सौ.ला पटवलं. "ज्येष्ठमध वाण्याकडे, नवसागर वाण्याकडे. खारटपणा हवा तर समोर अख्खा अरबी समुद्र."

"आणि नाक?" तिनं विचारलं.

मला बारमाही सर्दी असते. ही गोष्ट तिला नेमकी चर्चेच्या शेवटी आठवते.

वाण्याकडे जाऊन मी पाव किलो नवसागर मागितला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

"किती म्हणालात?"

"पाव किलो."

"मग गूळही लागेल," तो आवाज उतरवून म्हणाला. "काळा मी ठेवत नाही हल्ली. कुणाला सांगून ठेवू का?"

हातभट्टीच्या धंद्यात गूळ आणि नवसागर ही जोडी फार जुनी. ती माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, वाण्याच्या ती पहिल्यापासून लक्षात होती.

"अहो, अत्तरासाठी पाहिजे."

"बरोबर आहे," तो पुडी बांधत समजुतीनं म्हणाला. "सगळेच काही ना काही सांगतात. मागं एक जण दिवाळीच्या किल्ल्यासाठी घेऊन गेला होता."

दिवेलागणीपर्यंत गावात माझी पत वाढलेली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं माझ्या नमस्काराला मान हलवली नव्हती असे एक माजी सहकारी ओटीवर येऊन बसले, तब्येतीची चौकशी केली, हवेत दोनदा हुंगलं आणि निघताना हळूच म्हणाले, "पहिल्या धारेचं आमच्यासाठी ठेवा."

अत्तराचं शास्त्र विचारायला मी गावातल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांना बोलावलं. त्यांनी चहा संपवला आणि योजनाही.

"ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिनची. साखरेच्या तीस-पन्नास पट गोड. पण ते उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही. मीठ उडत नाही. नवसागर डब्यात पडून आहे तोवर त्याचाही वास कळत नाही. तुम्ही ज्याचं अत्तर काढताय त्याला मुळात वासच नाही."

"मग त्या वड्यांना यायचा तो?"

"तो बहुतेक बडीशेपेच्या गोतावळ्यातला. अनेथॉल म्हणतात त्याला."

निम्मा युरोप ज्याला ज्येष्ठमधाचा वास समजतो तो आपला जेवणानंतरच्या बशीतला वास निघाला. मी हिरमुसलो. ते पाहून सरांना राहवलं नाही. शिक्षक माणूस, श्रोता खचला की त्यांना प्रयोग सुचतो.

"नवसागराला वास आणता येतो मात्र. चुना आहे का घरात?"

चुना आईच्या पानाच्या डब्यात होता. नवसागर आणि चुना एकत्र करून तापवला की अमोनिया सुटतो. हा प्रयोग सरांनी नववीच्या कितीतरी तुकड्यांना दाखवला होता, पण शाळेत वर्गाच्या खिडक्या मोठ्या होत्या आणि चिमूट त्यांच्या हातात असायची. इथं चिमूट माझ्या हातात होती आणि मी बँकेत असतानाही रक्कम वरच्या आकड्याला पूर्ण करणारा माणूस. पळी तापली. एका क्षणात स्वयंपाकघर रिकामं झालं. काठीशिवाय न उठणारी आई काठीशिवाय उठून थेट विहिरीपाशी पोचली. मांजर अण्णांकडे गेलं. आमच्या घरातलं सगळं शेवटी अण्णांकडेच जातं. सर तेवढे दारात उभे राहून, डोळे पुसत, आनंदानं ओरडत होते, "हाच! हाच तो वायू!"

एक फायदा झाला. माझी बारमाही सर्दी त्या संध्याकाळी पार मोकळी झाली. मोकळ्या नाकाला पहिला वास आला तो माझ्याच सदऱ्याचा, आणि सौ. इतकी वर्षं काय सांगत होती ते कळलं.

मग ऊर्ध्वपातन. प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथं नळी बसवली, नळीचं दुसरं टोक गार पाण्याच्या बादलीतून बरणीत सोडलं. कुकरात ज्येष्ठमधाच्या काड्या, मूठभर बडीशेप, पाणी. अर्ध्या सकाळच्या गॅसनंतर बरणीत कपभर पाणी जमलं. त्याला बडीशेपेचा मंद, गोडसर वास होता. मी धन्य झालो. तेवढ्यात पलीकडच्या काकू कुंपणावरून डोकावल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "कुणाकडे पाळणा हलला?" त्या वासाची आमच्याकडे जन्मापासून एकच जागा आहे, बाळंतिणीची खोली. वर कुकरनंही तो वास सोडला नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या वरणाला बडीशेप येत राहिली आणि सौ. पानावर वाढताना माझ्याकडे न बघता वाढत राहिली.

गोड बाजू जमली होती, खारट बाकी होती. सर म्हणाले, समुद्राचा म्हणून जो वास येतो त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तो तयार होतो. उकडलेल्या कोबीच्या वासातही तोच असतो.

"मग कोबीच उकडून देते ना," आतून आवाज आला.

बाजारातल्या समुद्री अत्तरांची तऱ्हा तर आणखी न्यारी. फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ साली कॅलोन नावाचं द्रव्य मिळालं. त्याला कलिंगडाचा वास येतो, आणि १९९० नंतर समुद्राच्या नावानं निघालेली कितीतरी अत्तरं त्याच्यावर उभी आहेत. लोक कलिंगड लावून फिरतात आणि लाटा आठवतात. मुरुडच्या समुद्राला कलिंगडाचा वास येतो असं आमच्या किनाऱ्यावर कुणी म्हटलं, तर त्याला सावलीत बसवून डोक्यावर पाणी मारतील.

मुरुडच्या खऱ्या वासासाठी मी एकदऱ्याच्या कोळीवाड्यात गेलो. वलांडीवर बोंबील वाळत होते, खाली जवळा पसरलेला. माझं नाक नुकतंच मोकळं झालेलं, त्यामुळे मला ते जरा जास्तच मिळत होतं.

"मावशी, हा वास नक्की कशाचा हो?"

"कंचा वास?"

"हा... सुक्या मासळीचा."

मावशीनं हात थांबवले, छाती भरून श्वास घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मना त काय येत नाय. तुमचाच कसला तरी येतो. बडीशेप खाल्ली काय?"

"मला खारट वास हवाय, अत्तरासाठी."

"त्या शनवार-रईवारच्या पोरी लावून येतात तसला? नको रे बाबा. डोका चढतो आमचा." मग क्षणभर विचार करून, "बोंबील घेऊन जा. वासाचे पैसे नाय घेत."

मी बराच कच्चा माल आणला. या सगळ्या उद्योगात सौ.चा चेहरा पहिल्यांदा त्या पिशवीकडे पाहून खुलला. संशोधनाचं साहित्य रात्री भाकरीबरोबर संपलं. अत्तराच्या इतिहासात त्याची नोंद होणार नाही, पण तिखटाला तोड नव्हती.

माझ्या उद्योगाची बातमी एव्हाना खाडीपलीकडे गेलेली असावी. एका रात्री कडी वाजली. दारात दोन तरुण, त्यांच्याजवळ फडक्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा डबा.

"काका, उलटी पाहिजे काय?"

"कुणाला होतेय?" आतून सौ.

"व्हेलची," ते कुजबुजले.

स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून सुगंधी होणारा तो गोळा, अंबर. अत्तरवाल्यांनी शतकानुशतकं त्याला सोन्याचा भाव दिला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो विकणंच काय, जवळ ठेवणंही गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर कुणी ना कुणी त्यापायी पकडला गेल्याची बातमी अधूनमधून येतेच. मी हे सगळं त्यांना दारातच ऐकवलं. मग राहवेना म्हणून डबा हुंगला. आतल्या पिवळट गोळ्याला मेणबत्तीचा वास होता.

"असली आहे काका. कुत्रा हुंगून पळाला."

"कुत्री हल्ली या घराकडे बघूनच पळतात," मी म्हणालो. "खरी असेल तर मी तुरुंगात, खोटी असेल तर पैसे पाण्यात. नको."

त्यांना माझा दुटप्पीपणा आवडला नाही. "नवसागर चालतो तुमाला," जाता जाता थोरला म्हणाला, "उलटी तेवढी चालत नाय."

शहाणपणाचा सल्ला शेवटी अत्तरवाल्या चाचांनी दिला. ते शुक्रवारी बाजारात छोटी काचेची पेटी मांडून बसतात. त्यांनी माझी बरणी हुंगली, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मला वाटलं दाद देताहेत; ते शिंक आवरत होते. पण माणूस दर्दी. म्हणाले, "कनौजला मातीचं अत्तर काढतात, तुमचं का नाही निघणार?" आणि ते खरंच आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत उकळतात, वाफ भपक्यात नेतात, भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते पहिल्या पावसाचा वास पिऊन घेतं. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्या वासाला इंग्रजी नाव दिलं, तेव्हा त्यांनीही या मातीच्या अत्तराची दखल घेतली होती.

"फक्त तेल चंदनाचं पाहिजे," चाचा म्हणाले आणि भाव सांगितला. मी पेटीशेजारीच खाली बसलो.

"चाचा, आपल्याकडे नारळ आहेत."

"मग अत्तर नाही होणार भाऊ. डोक्याचं तेल होईल."

मी खचलो नाही, कारण मधल्या काळात माझं वाचन धोकादायक पातळीला पोचलं होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचं अख्खं प्रकरण लिहिलंय. सोळा द्रव्यं घ्या, त्यांतली चार-चार निवडा, १८२० मिश्रणं होतात, असा हिशेब त्यानं मांडून ठेवलाय. आमच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. चार-चार निवडल्या तर ३५ अत्तरं होतात. मी पडताळा घेतला. पस्तीसच्या पस्तीस फोडणीचीच. आणि गंगाधराच्या 'गंधसारा'सोबत 'गंधवाद' नावाचं जे जुनं पुस्तक आहे, त्यावर चक्क जुन्या मराठीत टीका आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या प. कृ. गोड्यांनी त्यावर लिहिलंय. मराठी माणूस या क्षेत्रात नवा नाही, हे मी सौ.ला अभिमानानं सांगितलं.

"तो घरातल्या कुकरात करायचा का?" तिनं विचारलं. टीकाकार याबद्दल गप्प आहे.

वराहमिहिराच्या सोळांत धने आहेत, वाळा आहे, कापूर आहे आणि नखही आहे, म्हणजे समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण. काष्ठौषधीच्या दुकानात नखला म्हणून मिळतं. समुद्र हवा तर कलिंगड कशाला, अस्सल शंख भाजावा! तव्यावर नखला टाकला. "कुणाचे केस जळताहेत?" आईनं ओटीवरून विचारलं आणि या वेळी काठी आधीच हातात घेतली.

अखेर जे सिद्ध झालं ते असं: आमच्या वाडीतल्या नारळाचं तेल, त्यात बडीशेप मुरवलेली, भाजलेल्या नखल्याची पूड, चिमूटभर (सरांच्या चिमटीतला) नवसागर, आणि मूळ वस्तूशी इमान राखायचं म्हणून पुड्यातल्या उरलेल्या वड्या वितळवून. वड्यांत साखर असते. ती मी विसरलो तरी मुंग्या विसरल्या नाहीत. मनगटाला लावून दुपारी पडलो, तर कोपरापर्यंत रांग. पण आघाडीची मुंगी मनगटाला पोचली, जराशी थबकली आणि रांग आल्या वेगानं माघारी वळली. त्यांच्या भाषेतही 'वेगळं आहे' म्हणत असावेत.

जाहीर चाचणी मी मुरुड-अलिबाग एसटीत घेतली. खिडकीजवळची जागा, शेजारची रिकामी. नांदगावला एक गृहस्थ शेजारी बसले, काशीदच्या आत उठून दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टरनं पैसे घेताना पायाखाली वाकून पाहिलं, "कुणाची बरणी फुटली काय?" मागच्या बाकावरची दोन कॉलेजची मुलं 'नवीन रंग दिलाय गाडीला' असं एकमेकांना सांगत होती. रेवदंड्याला चढलेल्या आजी मात्र माझ्या शेजारी टेकल्या त्या अलिबागपर्यंत. दोन दीर्घ श्वास घेऊन त्यांनी मला निरखलं. "खोकला धरलाय का रे? आमचे हे पण असंच काहीतरी छातीला चोळायचे." आणि चोळीतून खडीसाखर काढून दिली. मी ती खाल्ली. एवढ्या सगळ्या उद्योगात तोंडात पडलेला तो एकमेव बिनखारट पदार्थ.

गावात एव्हाना मतं पक्की झाली आहेत. आईला त्यात कल्हईवाला येतो. तो आमच्या दारी शेवटचा आला तेव्हा मी शाळेत होतो, पण तिला त्याच्या भात्याचा आवाजही आठवतो. काकूंना बाळंतीण येते. वाण्याला भट्टी येते आणि कितीही समजावलं तरी जात नाही. माजी सहकारी अजून पहिल्या धारेची वाट पाहताहेत. नावासाठी सरांनी 'जंजिरा' सुचवलंय. "तो किल्ला कुणाला जिंकता आला नाही," ते म्हणाले, "आणि याच्याही जवळ कुणाला जाता येत नाही." अण्णांनी काहीच सुचवलं नाही. ते गाय बघायला गेलेत.

माल तयार आहे. हवा असेल त्यानं रिकामी बाटली घेऊन मुरुडला यावं, पैसे घेत नाही. नवसागर मात्र आपापला आणा. गावात मला आता कुणी देत नाही.